काउंटरवर वेळ द्यायचा की रांग हलवायची?

मोकळी_खिडकी

नमस्कार मंडळी. कामातला प्रश्न आहे, जरा सविस्तर लिहिते.

मी एका दुरुस्ती सेवा केंद्राचं काउंटर सांभाळते. लोक बिघडलेली उपकरणं घेऊन येतात. आम्ही तक्रार ऐकतो, जॉबकार्ड बनवतो आणि वस्तू आत पाठवतो. चार काउंटर आहेत, टोकन पद्धत आहे. टोकन पुकारल्यापासून जॉबकार्ड छापेपर्यंतचा वेळ सिस्टीममध्ये आपोआप नोंदला जातो आणि महिन्याच्या शेवटी प्रत्येकाची सरासरी वर जाते.

त्या यादीत आमच्या सगळ्यात जुन्या सहकारी (आम्ही त्यांना ताई म्हणतो) कायम तळाला असतात. आणि ग्राहक मात्र त्यांनाच शोधत येतात. दुसऱ्या काउंटरचं टोकन लागलं तर "मागच्याला जाऊ द्या, मी ताईंकडेच थांबतो" म्हणणारेही आहेत. आता वरून लेखी आलंय की त्यांचा वेळ खाली आणा. हे त्यांच्याशी बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे.

ताईंना घाई करायला सांगणं मला पटत नाही. पण बाहेर खुर्च्यांवर ताटकळणारे लोकही मला दिवसभर दिसतात, त्यांचं म्हणणंही खोटं नाही. काउंटरच्या अलीकडून किंवा पलीकडून ज्यांनी हे अनुभवलं आहे त्यांनी कृपया लिहा. आपुलकीने वागणं आणि झटपट काम, या दोन्हींचा मेळ कसा घालता?

---

सरळमार्गी

ग्राहक म्हणून सांगतो. मला आपुलकी नको, काम हवं. नीट बोला, पटकन आटपा, मला घरी जाऊ द्या.

---

रातपाळी

चांगला विषय. मी बरीच वर्षं कॉल सेंटरला होते, आधी फोनवर आणि नंतर टीम लीड म्हणून. तुमच्या सरासरीला आमच्याकडे एएचटी म्हणायचे. प्रत्येकाच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ पळत असायचं.

त्या घड्याळाने काय होतं ते मी रोज पाहिलं आहे. महिनाअखेर आली की काही जण अवघड कॉल सरळ दुसऱ्या विभागाला ढकलायचे. काही जण "मोडेम बंद करून चालू करा, दहा मिनिटांनी बघा" सांगून फोन ठेवायचे. यांचा एएचटी सुरेख, बक्षीसही त्यांनाच. तोच ग्राहक अर्ध्या तासाने परत फोन करणार, दुसऱ्याच कोणाच्या तरी पदरात पडणार, आणि आता तो चिडलेला असणार. त्याला शांत करण्यात जो वेळ जातो तो त्या दुसऱ्याच्या नावावर चढतो.

एकाच कामासाठी माणूस दोनदा आला तर दोन छोटे कॉल दिसतात आणि सरासरी खाली येते. सिस्टीमच्या लेखी ही सुधारणा! म्हणून आम्ही पुढे एफसीआर, म्हणजे पहिल्याच फोनमध्ये किती जणांचं काम संपलं, ते एएचटीच्या शेजारी लावायला लागलो. त्यानंतर यादी उलटीपालटी झाली. वरचे बरेच जण खाली गेले.

मोकळी_खिडकी, तुमच्याकडे परत आलेल्या जॉबकार्डांची नोंद असेलच. ताईंची किती परत येतात आणि इतरांची किती, हे काढा आधी. त्याशिवाय त्यांच्याशी बोलूच नका.

---

पांथस्थ

+१. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात हेच मांडलं होतं. एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब आणला की त्या आकड्याचा भरवसा उरत नाही. कॉल सेंटर हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण.

---

शांतपाणी

मी डॉक्टर आहे. ओपीडीतला प्रश्न हाच, फक्त समोर उपकरणाऐवजी माणूस.

आमच्या क्षेत्रात यावर मोजणी झालेली आहे. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्ण संवादाच्या ध्वनिफिती तपासल्या. रुग्ण बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात असं दिसलं. १९९९ साली झालेल्या दुसऱ्या अभ्यासात हा आकडा २३ सेकंदांच्या आसपास होता. आम्ही तोडतो कारण मनात भीती असते की याला बोलू दिलं तर हा थांबायचाच नाही.

ती भीती किती खरी आहे हे स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे तपासलं गेलं. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांना सांगितलं होतं की रुग्ण स्वतःहून थांबेपर्यंत मधे बोलायचं नाही. ३३५ रुग्ण होते. सरासरी बोलण्याचा वेळ निघाला ९२ सेकंद. दोन मिनिटांच्या आत ७८ टक्के लोकांचं सांगून झालं होतं. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलणारे फक्त सात, आणि त्यांनी सांगितलेलं ऐकायलाच हवं होतं असं त्यांच्या डॉक्टरांचं मत पडलं.

हे वाचल्यापासून मी पहिली दोन मिनिटं कीबोर्डला हात लावत नाही. तोडलेला रुग्ण खरी तक्रार उठता उठता सांगतो. दाराच्या मुठीवर हात ठेवून, "आणि डॉक्टर, छातीत जरा दुखतं कधी कधी." मग सगळं पहिल्यापासून. तो वेळ कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

---

उंबरठा

शांतपाणी, ९२ सेकंद! प्रतिसाद जपून ठेवला आहे. घरी पण वापरून बघेन.

---

सरळमार्गी

डॉक्टरांचं ठीक आहे, तिथे जिवाचा प्रश्न आहे. काउंटरला सगळ्यांनाच दोन दोन मिनिटं मोकळी दिली तर मागच्यांचं काय? रांगेतला विसावा माणूसही ग्राहकच आहे ना? पुढच्याशी प्रेमाने वागायचं ते मागच्याच्या वेळावर, असा हा हिशोब होतो. आणि मागच्याला विचारायला कोणी येत नाही. ताईंच्या पुढ्यात बसलेल्याला छान वाटतं, तो परत येतो, कौतुक करतो. कंटाळून निघून गेलेल्याचं मत कोण नोंदवणार?

---

गणिती_कावळा

सरळमार्गींचा मुद्दा बिनतोड आहे, आणि त्याला शंभर वर्षांहून जुनं गणित आहे. ए. के. एरलांग हे डॅनिश गणिती कोपनहेगन टेलिफोन कंपनीत होते. किती ऑपरेटर आणि किती लाइनी ठेवल्या म्हणजे लोकांना फार थांबावं लागणार नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. १९०९ मध्ये त्यांचा पहिला लेख आला आणि तिथून रांगांचं शास्त्र सुरू झालं.

त्यातली एक गोष्ट प्रत्येक काउंटर चालवणाऱ्याने पाठ करावी. एकच काउंटर धरा. लोक वाटेल तेव्हा येतात, कामं कमीजास्त लांबीची आहेत, सरासरी एका कामाला ५ मिनिटं लागतात. काउंटर ८० टक्के वेळ गुंतलेलं असेल तर येणाऱ्याला सरासरी २० मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्क्यांना ४५ मिनिटं. ९५ टक्क्यांना ९५ मिनिटं! काम करणारा तोच, वेग तोच, फक्त मोकळा श्वास १० टक्क्यांवरून ५ वर आला आणि रांग दुपटीहून लांबली.

म्हणजे रांग लांबण्याचं खापर ताईंच्या मिनिटांवर फोडण्याआधी काउंटर किती काठोकाठ भरून चालवलं जातंय ते बघायला हवं. जिथे माणसाला श्वास घ्यायला जागा नाही, तिथे ताईंनी प्रत्येकामागे अर्धं मिनिट वाचवलं तर रांग खरंच कमी होईल, हे मी नाकारत नाही. पण दुपारच्या गर्दीच्या दोन तासांना एक माणूस वाढवला तर त्याहून किती तरी जास्त कमी होईल.

दुसरं, रांगेचा खरा वैरी आहे कामांमधला फरक. सरासरी तीच ठेवून काही कामं फार लांब आणि काही फार छोटी असली तर वाट बघणं वाढतं. दोन मिनिटांची कामं आणि वीस मिनिटांची कामं वेगळ्या खिडक्यांवर न्या. कोणालाही घाई न करता छोट्या कामवाल्यांची सुटका होते.

---

उंबरठा

आपण रांग बदलली की सोडलेली रांग पळायला लागते, याचंही गणित असेल तर सांगा. फार दिवसांचं दुःख आहे.

---

गणिती_कावळा

आहे की. तीन रांगा असतील तर तुमच्या शेजारच्या दोहोंपैकी एक तरी तुमच्यापेक्षा पुढे जाण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश. बदललात तरी तीच. म्हणून सगळ्यांची मिळून एकच रांग आणि पुढे जे काउंटर मोकळं होईल तिथे जायचं, ही पद्धत चांगली. मागून आलेला आधी जात नाही, आणि एका काउंटरवर वेळखाऊ काम आलं तरी रांग बाकीच्या काउंटरांवर सरकत राहते. मोकळी_खिडकी यांच्याकडे टोकन आहे, म्हणजे हे झालेलंच आहे. ताईंनी जास्त वेळ घेतला तरी त्यांच्या मागे कोणी अडकून पडत नाही.

---

निवृत्त_खजिनदार

बँकेच्या काउंटरवर आयुष्य गेलं. थोडं व्यवहारातलं सांगतो.

काउंटरवरचा बराचसा वेळ बोलण्यात जात नाही. कागद अपुरे असण्यात जातो. माणूस तासभर थांबून पुढे येतो आणि तेव्हा कळतं की सही राहिली आहे, फोटो नाही, झेरॉक्स नाही. मग त्याची समजूत काढा, त्याला बाजूला उभं करा, परत मधे घ्या, त्यावरून मागच्यांचं भांडण. आम्ही एक शिपाई रांगेतच फिरता ठेवला होता. प्रत्येकाचा फॉर्म हातात घेऊन बघायचा, "काका, इथे सही करा, आणि तिकडून झेरॉक्स काढून आणा, तुमची जागा मी धरतो." काउंटरवरचा क्लार्क त्यानंतर आरामात मान वर करून बोलू शकायचा.

सरळमार्गी म्हणतात त्या मागच्या माणसासाठी एक सवय मी नव्या मुलांना लावायचो. पुढच्याचं काम चालू असताना मागच्याकडे एकदा बघायचं आणि सांगायचं, "यांचं थोडं मोठं काम आहे, दहा मिनिटं लागतील, बसून घ्या." त्याला राग थांबण्याचा जेवढा येतो त्याहून जास्त आपण आलोय हे कोणाच्या गावी नसण्याचा येतो.

---

पांथस्थ

खजिनदारसाहेब, तुमच्या या अनुभवावर डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ साली लिहून ठेवलं आहे. किती थांबायचं ते माहीत नसेल तर वेळ लांब वाटतो, का थांबायचं ते सांगितलं नाही तरी लांब, आणि आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं तरीही लांब. रिकामं बसणं हे काहीतरी करत बसण्यापेक्षा लांब वाटतं. तुमच्या शिपायाने झेरॉक्सला पाठवलेला माणूस रिकामा बसलेला नव्हता.

---

कानोसा

मला ऐकू कमी येतं, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहिते.

घाईतला माणूस स्क्रीनकडे बघत बोलतो. मी ओठ वाचते. त्याने मान वळवली की माझं वाक्य गेलं. मी "काय म्हणालात?" विचारलं की तो आवाज चढवतो, वेग मात्र कमी करत नाही, आणि मागचे सगळे माझ्याकडे बघायला लागतात. मग मी समजल्यासारखं करून निघून येते आणि घरी येऊन कळतं की चुकीचा कागद घेऊन आलेय. दुसऱ्या दिवशी परत तीच रांग.

समोर बघून, एकदाच, सावकाश सांगितलेलं मला पहिल्या फटक्यात कळतं. कोणी कागदावर दोन शब्द लिहून दिले तर त्याहून उत्तम. याला किती वेळ लागतो?

नेदरलँड्समध्ये यम्बो नावाच्या सुपरमार्केट साखळीने २०१९ मध्ये मुद्दाम संथ चालणारा गल्ला सुरू केला. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी त्या गल्ल्यावर जायचं, घाई असलेल्यांनी दुसरीकडे. एकट्या पडलेल्या लोकांसाठी म्हणून सुरू झाला आणि पुढे आणखी शाखांत नेला. सरळमार्गींना त्यांचा पटापट गल्ला, मला माझा. दोघांनाही एकाच वेगाने का हाकायचं?

---

सरळमार्गी

कानोसा, हे पटलं. मनापासून. अशा वेगळ्या खिडकीला माझी काहीच हरकत नाही.

---

रातपाळी

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आपुलकी दाखवायला लागणारे कष्ट कोण मोजतं? समाजशास्त्रज्ञ आर्ली होकशील्ड यांनी १९८३ साली विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून भावनिक श्रम ही कल्पना मांडली. चेहऱ्यावर हसू ठेवणं, दुसऱ्याचा राग गिळणं, हेही पगारी कामच आहे.

आता विचार करा, वरून दोन आज्ञा एकदम येतात. प्रत्येकाशी जिव्हाळ्याने वागा आणि प्रत्येकाला चार मिनिटांत उठवा. दोन्ही एकावेळी होत नाहीत, तेव्हा माणूस जिव्हाळ्याची वाक्यं पाठ म्हणायला लागतो. "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हे मी एका पाळीत इतक्यांदा म्हणायचे की तोंडाला चव उरायची नाही. ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. असं बोलण्यापेक्षा काहीच न बोलता काम केलेलं परवडलं.

---

तिसरी_खूण

सेवा केंद्रांची सॉफ्टवेअर बनवतो. एक प्रश्न विचारतो: तुमच्याकडे ऑनलाइन नोंदणी कधी सुरू झाली? साधी कामं, म्हणजे स्थिती बघणं, तारीख घेणं, वॉरंटी तपासणं, आता फोनवरच होत असतील ना?

विचारण्याचं कारण असं की सोपी कामं तिकडे गेली की काउंटरवर फक्त किचकट उरतात. ज्याला ॲपवर जमलं नाही, ज्याची तक्रार कुठल्याच चौकटीत बसत नाही, जो दोनदा परत आलाय, तो काउंटरला येतो. मग प्रत्येकामागचा सरासरी वेळ वाढणारच. कर्मचारी हळू झाले म्हणून वाढलेला नसतो तो. हा आकडा जुन्या वर्षांशी ताडून कर्मचाऱ्यांना बोल लावलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

---

मोकळी_खिडकी

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या दिवसांत उत्तर देता आलं नाही कारण तुम्ही सांगितलेलं तपासत होते.

तिसरी_खूण, तुम्ही अगदी नेमकं बोट ठेवलंत. ऑनलाइन नोंदणी सुरू झाली त्यानंतरच आमच्या चौघांचीही सरासरी चढत गेली आहे. ताईंची जास्त चढली, कारण अवघड माणूस आला की बाकीचे तिघं त्याला सरळ ताईंकडे पाठवतात. हे तक्त्यात कुठेच नाही.

रातपाळी, परत आलेली जॉबकार्डंही काढली. ताईंची सगळ्यात कमी आहेत, आणि यादीत पहिल्या नंबरवर असलेल्या मुलाची सगळ्यात जास्त. त्याला दोष देत नाही, त्याला जे मोजलं जातं तेच तो करतो.

काल मी ताईंच्या मागे स्टूल टाकून बसले. एक बाई बंद पडणारं मशीन घेऊन आल्या. ताईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि ऐकलं. बाई म्हणाल्या बंद पडतं, मग म्हणाल्या रोज नाही, मग थोडं थांबून म्हणाल्या की पाहुणे आले की हमखास पडतं. ताईंनी विचारलं, "पाहुणे आले की ते दुसऱ्या खोलीत हलवता का?" हलवत होत्या. त्या खोलीतला प्लग सैल होता. जॉबकार्ड झालंच नाही! बाई मशीन उचलून घरी गेल्या. शेजारच्या काउंटरला "बंद पडते" एवढं टाइप होऊन ते आत गेलं असतं, मेकॅनिकने दिवसभर चालवून बघितलं असतं आणि "दोष आढळला नाही" म्हणून परत दिलं असतं.

आणि गंमत बघा, जॉबकार्ड छापलं नाही म्हणून सिस्टीमने ताईंचा तो वेळ पुढच्या ग्राहकाच्या वेळात धरला.

---

शांतपाणी

हे अगदी आमच्यासारखंच. आजार काय आहे ते बहुतेक वेळा रुग्णानेच सांगितलेलं असतं.

---

सरळमार्गी

मानलं ताईंना. तरी एक विचारतो. जे नुसतेच गप्पा मारायला बसतात त्यांचं ताई काय करतात? ते असतातच.

---

मोकळी_खिडकी

असतात. काल एक आजोबा होते. काम झाल्यावर त्यांनी मुलाच्या नोकरीचा विषय काढला. ताई उभ्या राहिल्या, जॉबकार्ड दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "काका, मंगळवारी न्यायला याल तेव्हा सांगा हं, मुलाचं काय झालं ते." आजोबा हसत उठले. ऐकताना घाई नाही आणि संपवताना रेंगाळणं नाही. मी इतकी वर्षं शेजारी बसते, पण हे नीट पाहिलं ते काल.

---

निवृत्त_खजिनदार

उभं राहणं! आमचे एक साहेब हेच करायचे. बोलणं तुटत नाही आणि समोरचा आपोआप उठतो.

---

गणिती_कावळा

मग आता वर काय सांगणार?

---

मोकळी_खिडकी

गुरुवारी बैठक आहे. चार गोष्टी मागणार आहे. वेळेच्या शेजारी परत आलेली कार्डं छापा. वस्तू फक्त घ्यायला किंवा द्यायला येणाऱ्यांसाठी एक खिडकी वेगळी करा, म्हणजे सरळमार्गींसारख्यांना थांबावं लागणार नाही. गर्दीच्या वेळी टोकनच्या मशीनशेजारी एक माणूस बिल आणि वॉरंटी कार्ड तपासायला उभा करा. आणि न छापलेल्या जॉबकार्डालाही नोंद द्या, "काउंटरवरच सुटलं" म्हणून. ताईंना मी काही सांगणार नाही. नवीन दोघी येत आहेत, त्यांना पहिला आठवडा ताईंच्या शेजारी बसवणार आहे.

---

रातपाळी

उत्तम. एक करा. परत आलेल्या कार्डांत तेच उपकरण पण वेगळी तक्रार घेऊन आलेले असतील, ते बाजूला काढा. बैठकीत पहिला आक्षेप तोच येईल आणि त्या एका आक्षेपावर सगळा तक्ता बाद करतील. मी हे होताना पाहिलं आहे.

---

मोकळी_खिडकी

बरोबर आहे. आज रात्री बसून वेगळं काढते. गुरुवारी काय झालं ते इथेच लिहीन.